नकाशा बंद करून

गेममधल्या म्हाताऱ्याची ओळ अशी होती : ‘ओढा ओलांडलास की बरोबर वळ आणि वडापाशी थांब.’

मी ओढा ओलांडला. पुढे वाटेला दोन फाटे फुटले होते. बरोबर वळायचं म्हणजे नेमकं कुठे? डावीकडची वाट रुळलेली होती, तिच्यावर गाडीच्या चाकोऱ्या उमटल्या होत्या. मला तीच बरोबर वाटली. चालत राहिले. टेकडी लागली, पडका वाडा लागला, अंधार पडला, लांडगे आले. पस्तीस मिनिटांनी मी पुन्हा त्याच ओढ्यावर. शेजारी माझा मुलगा रसायनशास्त्राची वही घेऊन बसला होता. त्याने एकदाच मान वर करून स्क्रीनवरची ओळ वाचली आणि म्हणाला, “आई, त्या म्हाताऱ्याला उजवीकडे म्हणायचं असेल.”

तसंच होतं. इंग्रजीत राइट म्हणजे उजवं आणि राइट म्हणजे बरोबरही. भाषांतर करणाऱ्याच्या हाती ती ओळ एका लांबलचक तक्त्यातून आली होती. तिच्या आगेमागे ना ओढा होता, ना फाटा, ना म्हातारा. दोन अर्थांतला एक निवडण्यावाचून त्याच्याकडे मार्ग नव्हता. मी त्या ठिकाणाचं चित्र काढून ठेवलं आणि तक्रार क्रमांक १ लिहिली.

हे माझं काम आहे. सॉफ्टवेअर बाजारात येण्याआधी त्यातली मराठी वापरून पाहायची आणि कुठे काय चुकतंय ते कळवायचं. त्याआधी अकरा वर्षं मी नाशिकच्या रविवार कारंज्याजवळच्या एका छापखान्यात डीटीपी केलं. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, द्राक्षांच्या पेट्यांवरची लेबलं, २०१५ च्या सिंहस्थात आखाड्यांची पत्रकं. गेल्या पावसाळ्यात एकाच महिन्यात दोन कामं आली : एक अजून प्रसिद्ध न झालेला ओपन वर्ल्ड गेम आणि एक नवी ऑपरेटिंग सिस्टिम. गेमच्या मराठी ओळी तपासायच्या होत्या, सिस्टिमचा अख्खा मराठी चेहरा. करारामुळे दोन्हींची नावं, कंपन्या आणि गेमची गोष्ट मला सांगता येत नाही. भाषेच्या तपासणीबद्दल लिहायची लेखी परवानगी मागितली होती, ती दोन्हीकडून मिळाली. मुलगा घरातच असतो, स्क्रीन त्याला दिसणारच, म्हणून गेमच्या करारात त्याचंही नाव घातलं होतं.

ओपन वर्ल्ड म्हणजे खेळणाऱ्याला ठरलेल्या वाटेने न नेता अख्खा मुलूख मोकळा सोडणं. माझ्या वयाच्या लोकांनी हा प्रकार बहुतेक ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ मालिकेतल्या २००२ च्या व्हाइस सिटीत पहिल्यांदा पाहिला. माझा धाकटा भाऊ कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून ती खेळायचा, आणि मोहीम वगैरे सोडून नुसता समुद्रकाठाने गाडी फिरवायचा. आता त्याच मालिकेच्या सहाव्या भागासाठी माझा मुलगा दिवस मोजतो. आम्ही हे काम करत होतो तेव्हा त्याची तारीख २६ मे २०२६ होती, नंतर ती १९ नोव्हेंबर २०२६ वर गेली. त्या संध्याकाळी तो जेवताना फारसं बोलला नाही.

मला मात्र या कामात दुसऱ्याच एका जुन्या गेमचा उपयोग झाला. २००२ सालीच आलेल्या मॉरोविंडमध्ये ‘इथे जा’ म्हणून दाखवणारा बाण नव्हता. गावातली माणसं तोंडाने वाट सांगत, ती वहीत उतरे आणि वाचत वाचत जावं लागे. पुढच्या बऱ्याच गेमांनी ही रीत सोडली आणि नकाशावर खुणांचा सडा घातला. आमच्या गेममध्ये दोन्ही सोयी होत्या. खुणा चालू ठेवल्या तर भाषा कितीही चुकली तरी माणूस पोहोचतो, कारण तो ओळ वाचतच नाही, ठिपक्याकडे चालतो. खुणा बंद केल्या की सगळा भार शब्दांवर येतो. म्हणून मी पहिल्या दिवशी ठरवलं की पूर्ण तपासणी नकाशा बंद करूनच करायची. कामाच्या पत्रात तसं सांगितलेलं नव्हतं. वेळ जवळजवळ दुप्पट लागला, पण ‘बरोबर वळ’ दुसऱ्या कुठल्या मार्गाने सापडली असती असं मला वाटत नाही.

खरं तर पहिले तीन दिवस वाट शोधण्यापर्यंत मी पोहोचलेच नाही. पहिल्या बिल्डमध्ये, म्हणजे तपासायला आलेल्या पहिल्या आवृत्तीत, मराठी अक्षरं जुळतच नव्हती. ‘किल्ला’ लिहिलं की वेलांटी क-च्या पुढे जाऊन बसायची, आणि जोडाक्षर फुटून पायमोडका ल वेगळा उभा राहायचा. देवनागरीत अक्षरं ज्या क्रमाने साठवतात त्या क्रमाने दिसत नाहीत. ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते व्यंजनानंतर आणि दिसते त्याच्या आधी. ही उलथापालथ आणि जोडाक्षरं बांधण्याचं काम एक वेगळा भाग करतो. हार्फबझ नावाची फुकट मिळणारी, खुली प्रणाली यासाठी सर्रास वापरतात. आमच्या गेमच्या इंजिनात ती होती, पण संवादाच्या पट्टीला जोडायची राहिली होती. दुसऱ्या बिल्डमध्ये जोडली. किल्ला उभा राहिला.

छापखान्यात असताना आमचं दुखणं वेगळं होतं. तेव्हा प्रत्येक कंपनीच्या फॉण्टाची मांडणी वेगळी. मजकूर उघडायचा तर तोच फॉण्ट हवा, नाहीतर पानभर चिन्हांचा पाचोळा. गिऱ्हाईक पेन ड्राइव्ह घेऊन यायचं आणि आम्ही आधी विचारायचो, “शिवाजी आहे का श्रीलिपी?” युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरलेले क्रमांक देणारी जागतिक पद्धत. देवनागरी तिच्यात १९९१ पासून आहे, पण आमच्या गल्लीतल्या छापखान्यांपर्यंत ती यायला फार वर्षं लागली. त्यामुळे आज एखादा परदेशी स्टुडिओ मराठीत ओळी लिहून पाठवतो आणि त्या माझ्या घरी जशाच्या तशा उघडतात, याचं मोल मला माहीत आहे. म्हणूनच वेलांटी चुकलेली दिसली की मी ती सोडत नाही.

अक्षरं जुळल्यावर एक बारीक गोष्ट लक्षात आली. संवाद टाइप होत असल्यासारखा एकेक अक्षर करत उमटायचा. इंग्रजीत ते छान दिसतं. मराठीत ‘क्षमा’ उमटताना आधी ‘क’ यायचा, मग तो पायमोडका ‘क्’ व्हायचा, मग एकदम ‘क्ष’. प्रत्येक जोडाक्षरावर डोळ्यांसमोर लुकलुक. अर्धं पान वाचलं की डोकं दुखायला लागायचं. मी कळवलं की सुट्या चिन्हांनुसार नको, अख्ख्या अक्षरानुसार उमटवा : क्ष एकदम, मा एकदम. त्यांच्या प्रोग्रॅमरने दोन दिवसांत केलं आणि स्वतःहून लिहिलं की थाई भाषेतही हाच त्रास होत होता, तोही त्यामुळे गेला.

आणि ल, श. मराठीत पाकळीचा ल लिहितात आणि देठाचा श. हिंदीत दोन्ही वेगळे काढतात. चांगल्या फॉण्टात दोन्ही रूपं असतात, मजकुरावर ‘मराठी’ असा शिक्का असला तरच मराठी रूप उमटतं. इथे सगळ्या मजकुरावर हिंदीचा शिक्का होता. ही चूक वाचकाला अडवत नाही, मला ठाऊक आहे. पण शाळेत फळ्यावर जो ल गिरवला तोच मला तिथे हवा होता. कळवलं, बदलला.

त्याच आठवड्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं आणि गोदेला पूर आला. मी दुपारी स्कूटर काढून होळकर पुलावर गेले. निम्मं नाशिक तिथे उभं होतं. पुलावरचं बोलणं ज्याने ऐकलंय त्याला ठाऊक आहे, तिथे कुणी किती क्युसेक किंवा किती मीटर असं बोलत नाही. ते आकडे दुसऱ्या दिवशीच्या पेपरात. पुलावर विचारतात, “मारुतीच्या कुठवर आलं?” नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला. गळ्यापर्यंत आलं की घाटावरचे दुकानदार उरलंसुरलं सामान हलवतात. माझी आजी त्याही पुढचं माप सांगायची, नारोशंकराच्या देवळातल्या घंटेला पाणी लागल्याचं. त्या दिवशी कमरेच्या वर होतं. एक बाई फोनवर कुणाला तरी तेवढंच सांगत होती, “कमरेच्या वर आलंय, तू निघू नकोस.” पलीकडच्या माणसाला तेवढ्यात सगळं कळलं असणार : कुठला रस्ता बंद, कुठलं दुकान पाण्यात, पंचवटीत शिरता येईल की नाही.

घरी येऊन गेम उघडला. गेममध्येही नदी आहे, एवढं सांगायची मुभा मला आहे. तिलाही पूर येतो, आणि तो आला की नावाडीण म्हणते, ‘पाणी तीन मीटर चढलंय.’ व्याकरणात खोट नव्हती, भाषांतर मुळाला धरून होतं. मी ती ओळ पंधरा वेळा वाचली असेल. ज्या जगात लोक पणती लावतात आणि बैलगाडीने जातात तिथे नदीकाठची बाई पाणी मीटरने मोजत नाही. आणि तीन मीटर म्हणजे नदी ओलांडता येईल की नाही, हे खेळणाऱ्यालाही त्यातून कळत नव्हतं.

माझ्या कामाच्या चौकटीत हे बसत होतं का, याची मला खात्री नव्हती. भाषातपासणीत चूक दाखवायची असते, ओळ नव्याने सुचवायची नसते. तरी मी लिहिलं. त्या घाटावर चित्रकारांनी एक दीपमाळ काढली होती, सुंदर, चौथऱ्यासकट. मी सुचवलं की नावाडिणीला ती दाखवू द्या : पाणी चौथऱ्याला लागलं, निम्मी दीपमाळ बुडाली, दीपमाळ दिसेनाशी झाली. सोबत मारुतीबद्दल चार ओळी लिहिल्या आणि पुलावरून काढलेला फोटो जोडला. आठ दिवस काही उत्तर नाही. मग एका शुक्रवारी गोष्ट लिहिणाऱ्या चमूकडून थेट पत्र आलं. पुराच्या पातळ्या गेममध्ये तीनच आहेत, तुमच्या तीन ओळी बरोबर बसतात, आम्ही मूळ इंग्रजीतही मीटर काढून दीपमाळ घालतो आहोत. ते पत्र मी मुलाला मोठ्याने वाचून दाखवलं.

वस्तू सापडल्याच्या ओळींवर मात्र बराच झगडा झाला. स्क्रीनच्या कोपऱ्यात सूचना यायच्या : ‘तलवार सापडला’, ‘नाणं सापडला’. कारण आत एकच साचा होता, रिकाम्या जागी वस्तूचं नाव आणि पुढे ‘सापडला’. मराठीत तलवार सापडते, भाला सापडतो, नाणं सापडतं. एका साच्यात तिन्ही मावत नाहीत. गावांच्या नावांचंही तेच, रिकाम्या जागेला ‘ला’ चिकटवून ‘अमुकला जा’. हे समजावून सांगताना मी आमच्याच जिल्ह्यातली गावं घेतली. निफाडला जा, चांदवडला जा, इथवर साचा चालतो. पण येवलाला कुणी जात नाही, येवल्याला जातात. सटाणाला नाही, सटाण्याला. प्रत्यय लागण्याआधी नाव आतून बदलतं, आणि ते बदललेलं रूप तक्त्यात वेगळं लिहून ठेवल्याशिवाय यंत्राला कळणार नाही. शेवटी तक्त्यात दोन नवे रकाने आले, एक लिंगाचा आणि एक सामान्यरूपाचा. ते भरायचं काम मलाच मिळालं. सहाशेवर नावं होती. चार रात्री लागल्या.

खेळणारं पात्र मुलगा घ्यायचं की मुलगी, हे आपण निवडतो. इंग्रजीला त्याने फरक पडत नाही. मराठीत ‘कधी आलास’ आणि ‘कधी आलीस’ या दोन ओळी झाल्या. प्रत्येक ओळ दोनदा लिहायची तर खर्च वाढतो, म्हणून भाषांतर करणाऱ्याने एक सुरेख युक्ती वापरली होती. तो कोण आहे मला माहीत नाही, पण त्याचं कौतुक करायला हवं. जिथे जमेल तिथे त्याने सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ घेतला होता. ‘ओढा ओलांडलास’, ‘दार उघडलंस’, ‘वाट पाहिलीस’ ही रूपं कर्माला धरून चालतात, करणारा मुलगा की मुलगी याचा त्यात प्रश्नच येत नाही. शेकडो ओळी त्याने अशा वळवल्या होत्या आणि एकही ओढूनताणून लिहिल्यासारखी वाटत नव्हती. ‘बरोबर वळ’ लिहिणारा माणूस तोच. त्याला ती वाट पाहायला मिळाली असती तर ती चूक त्याच्या हातून झाली नसती.

कोण कुणाशी बोलतंय हेही तक्त्यात नव्हतं. म्हातारा मुलीला ‘आपण कुठून आलात’ म्हणायचा आणि फौजदाराला ‘तू’. मी प्रत्येक प्रसंग खेळून पाहिला आणि वय, मान, ओळख बघून तू-तुम्ही लावत गेले. नावाडीण खेळणाऱ्या मुलीला ‘पोरी’ म्हणते, मुलगा असेल तर ‘लेका’. हे मुलाने सुचवलं. मी ‘बाळा’ लिहिलं होतं. तो म्हणाला, “बाळा तू म्हणतेस, आई. नदीवरची बाई लेका म्हणेल.”

ऑपरेटिंग सिस्टिमचं काम मी सकाळी करायची, त्यांनी पाठवलेल्या वेगळ्या लॅपटॉपवर. दिसायला देखणी होती. वेगही चांगला. पहिल्याच पडद्यावर भाषा निवडताना ‘मराठी’ मराठीतच लिहिलेलं दिसलं, तेव्हा बरं वाटलं. अर्ध्या तासात ते बरं वाटणं ओसरायला लागलं.

बटणांची उंची इंग्रजी अक्षरांना मापून ठरवली होती. इंग्रजी अक्षर एका पट्टीत मावतं. देवनागरीला शिरोरेषेच्या वर रफार, मात्रा, अनुस्वार यांना जागा लागते आणि खाली उकारांना. ‘मार्गांवर’ मधला रफार आणि अनुस्वार दोन्ही कापले गेले होते, ‘पुन्हा सुरू करा’ मधले उकार गायब होते. ‘सुरू’ चं ‘सरू’ झालं होतं. गेममध्येही सुरुवातीला असंच होतं, पण तिथे त्यांनी मराठी निवडली की पट्टीच उंच होईल अशी सोय केली. इथे उत्तर आलं की मांडणी गोठवली आहे, अक्षराचा आकार लहान करू. केला. आता रफार दिसतो, आणि साठीच्या पुढच्या माणसाला बटण वाचता येत नाही.

शब्दांबद्दल माझं मत पहिल्यापासून ठाम आहे. लोक सेव्ह म्हणतात तर बटणावर ‘सेव्ह करा’ असावं. इथे ‘संचयित करा’ होतं. ‘जतन करा’ सुद्धा मी मान्य केलं असतं, तो चांगला शब्द आहे आणि पुष्कळांच्या सवयीचा झाला आहे. लॅपटॉप तात्पुरता निजवण्याच्या बटणावर नुसतं ‘झोपा’ लिहिलं होतं, ते बटण दाबणाऱ्यालाच आज्ञा केल्यासारखं. अशा साठेक शब्दांची यादी मी दिली. त्यांच्याकडे आधीच ठरवलेला शब्दसंग्रह होता आणि त्याबाहेर जायचं नाही असा नियम. तो कुणी, कधी, कुणाला विचारून ठरवला, हे मी तीनदा विचारलं.

याहून खोलवरच्या चुका शोधताना मला छापखान्यातली नजर कामी आली. आमच्या सोसायटीच्या सभासदांची यादी मी त्यात टाकली आणि नावांच्या क्रमाने लावली. क्षीरसागर आले कोठावदे आणि खैरनार यांच्या मधे. मराठी वर्णमालेत क्ष आणि ज्ञ ह-ळ च्या नंतर, अगदी शेवटी येतात. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात ही वर्णमाला छापलेली आहे, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून शाळेच्या हजेरीपटात आणि शब्दकोशांत तीच चालत आली आहे. सिस्टिम क्ष-कडे क अधिक ष म्हणून पाहत होती आणि क-च्या ढिगाच्या तळाशी टाकत होती. ज्या माणसाचं नाव आयुष्यभर यादीच्या शेवटी आलं, ते शोधताना तो शेवटीच बघणार. सापडलं नाही तर यादीत नाव नाही असं समजून परत जाईल. ही तक्रार क्रमांक ३७.

शोधण्यातही घोटाळा होता. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आलं २००८ मध्ये. त्याआधी लोक अ-वर चंद्र देऊन काम भागवत, आणि काही कीबोर्ड अजूनही तसंच करतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला वेगळे. ‘ॲडमिशन’ नावाची फाइल मी एका पद्धतीने ठेवली आणि दुसऱ्या पद्धतीने शोधली. मिळाली नाही. ‘ऱ्य’ चंही तसंच, ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘पायऱ्या’ दोन तऱ्हांनी लिहिता येतात. ज्याने फाइल ठेवली त्याला हा भेद कधीच कळणार नाही. त्याला फक्त फाइल हरवल्याचं कळेल. दोन्ही रूपं शोधताना एकच मानणं हे काही दिवसांचं काम असावं. मी दोन्हींचे क्रमांक, उदाहरणं, सगळं लिहून दिलं.

सिस्टिममध्ये स्क्रीन वाचून दाखवणारा मराठी आवाज होता, नवा. तो तपासायला मी एकटी पुरेशी नाही असं मला वाटलं, कारण मला स्क्रीन दिसते. आमच्या इमारतीत तळमजल्यावर बाई राहतात. त्यांनी शाळेत मला आठवी ते दहावी मराठी शिकवलं. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांचा पडदा खराब झाला, आता फक्त उजेड-अंधार कळतो. फोनवर वाचून दाखवणारा आवाज लावून त्या रोज पेपर ऐकतात. परवानगी काढली, बाईंच्या सहीचा कागद पाठवला आणि लॅपटॉप घेऊन खाली गेले.

बाईंनी हात मांडीवर ठेवून ऐकलं. पहिल्याच परिच्छेदात ‘विज्ञान’ आलं. आवाज म्हणाला, ‘विग्यान’.

“हा मराठी नाही गं,” बाई म्हणाल्या. “पुन्हा लाव.”

मग त्यांनी शब्द सांगायला सुरुवात केली आणि मी ते टाइप करून ऐकवत गेले. चांगला, चूल, जावई, झाड. मराठीत च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि लिपीत एकच खूण. चार मधला च वेगळा, चांगला मधला वेगळा. आवाजाला एकच माहीत होता, चार मधला. सगळ्या चुली आणि सगळे जावई त्याच एका च-ज ने बोलले जात होते. बाईंनी मला कागदावर दोन रकाने करायला सांगितले आणि तासाभरात एकशे वीस शब्द तोंडी दिले, प्रत्येकाचा उच्चार दोनदा करून. शाळेत त्या असंच करायच्या. शेवटी म्हणाल्या, “त्यांना लिहि, मी दिवसाचे सहा तास ऐकते. सहा तास चुकीचं ऐकलं की मलाच शंका यायला लागते, आपण कसं म्हणायचो.”

मी तेच वाक्य त्यांच्या नावाशिवाय अहवालात घातलं. उत्तरातून कळलं की आवाज हिंदीच्या पायावर उभारून वर मराठी बसवली होती. वेळ वाचवण्यासाठी.

दोन्ही कामांचे पैसे सारखेच मिळाले, मुदतीही साधारण सारख्या होत्या. गेमचा स्टुडिओ लहान होता, त्याच्याकडे माणसं कमी, तरी तिथे माझी ओळ गोष्ट लिहिणाऱ्यापर्यंत गेली. सिस्टिमच्या कामात मी कधी एखाद्या प्रोग्रॅमरशी बोललेच नाही. मी समन्वयकाला लिहायची, तो पुढे कुणाला तरी, आणि उत्तर यायचं ते ठरलेल्या चार वाक्यांतलं एक. समन्वयक सज्जन होता, त्याने माझी प्रत्येक तक्रार नीट चढवली. पण मराठी तिथे आली तेव्हा घर बांधून, रंगवून, किल्ल्या देऊन झाल्या होत्या. भिंत हलवायला कुणी तयार नव्हतं. खिडकीला पडदा कुठला लावायचा एवढंच विचारत होते. मला याचा राग येतो, अजूनही. कोट्यवधी लोक बोलतात ती भाषा, आणि तिचा रफार मावेल एवढी जागा सोडायची आठवण पहिल्या दिवशी कुणाला होत नाही.

गेमची शेवटची बिल्ड आली तेव्हा रविवार होता. मी मुलाला नियंत्रक दिला आणि नकाशा बंद आहे एवढंच सांगितलं. म्हाताऱ्याने आता नवी वाट सांगितली : ‘ओढा ओलांडलास की नदीकडच्या हाताला वळ, वडाच्या पारावर थांब.’ मुलाने दोनदा वाचलं. ओढा ओलांडल्यावर तो थांबला, पाण्याचा आवाज कुठून येतो ते ऐकलं आणि वळला. पाऊस लागला होता. घाटावर पोहोचला तेव्हा निम्मी दीपमाळ पाण्यात होती आणि नावाडीण म्हणाली, ‘आज नाही रे लेका.’ तो पारावर जाऊन पाणी उतरायची वाट पाहत बसला.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या अठ्ठ्याऐंशी तक्रारींपैकी एकतीस दुरुस्त झाल्या. ‘विज्ञान’ आता नीट ऐकू येतं. बाईंच्या एकशे वीस शब्दांपैकी किती घेतले ते मी खाली जाऊन एकेक ऐकवून तपासलं, चौसष्ट निघाले. बाईंनी उरलेल्यांची नवी यादी करायला लावली आणि तिच्यात आणखी चाळीस घातले. ती मी पाठवली आहे. तक्रार क्रमांक ३७ समोर ‘पुढच्या आवृत्तीत पाहू’ असं लिहिलेलं आहे आणि क्षीरसागर अजून खैरनारांच्या वर आहेत. पुढच्या आवृत्तीचं काम मागणारा अर्ज मी परवा भरला.